दारातले चिंचोके

झरीच्या पुढे आमच्या पाड्यावर अंगणवाडी चालवणारी दक्षाताई उंचीला इतकी कमी की फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा असायचा. तिच्याकडून शाळेत गेलेली पोरं गुरुजींना विचारत, "तुम्ही एवढ्या वर का लिहिता?" उंचीचं दक्षाताईला कधी वाईट वाटलं नाही. उंच माणसांची फजिती खालून जास्त चांगली दिसते, असं ती म्हणायची.

फजिती करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका वर्षी तालुक्याहून एक साहेब तपासणीला यायला लागले, तेही नेमके खिचडी शिजायच्या वेळेला. "चव बघतो" म्हणत आणि ताट भरून घेत. दक्षाताईने कुठे तक्रार केली नाही. तिने पोरांना एक नवा खेळ शिकवला. साहेबांचा हात तोंडाकडे गेला की सगळ्यांनी आ करायचा, साहेबांनी घास गिळला की सगळ्यांनी तोंड मिटायचं. पुढच्या खेपेला साहेब खुर्चीवर बसले, समोर पोरं गोल करून बसली. पहिला घास, सगळ्यांचा आ. घास खाली, सगळी तोंडं बंद. दुसऱ्या घासाला साहेबांचा हात मध्येच थांबला, तर पोरंही अर्धं तोंड उघडून थांबली. साहेबांनी ताट खाली ठेवलं, "मीठ बरोबर आहे" म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. त्यानंतर ते दुपारी उशिरा यायला लागले.

तिचा नवरा अमृतदादा उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. काम तपासणीचं. भांडं हातात घ्यायचं, बोटाच्या पेराने टक करायचं, आवाज ऐकायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. जन्मभर हेच केल्यामुळे त्याला घराबाहेरही सवय लागली होती. लग्नाच्या आहेराची भांडी तो वाजवून बघायचा. कलिंगड, दरवाजा, पाण्याची टाकी, समोर येईल ते वाजवायचा. खिशात एक लोहचुंबक असायचं, तेही जिथे तिथे लावून बघायचा. दक्षाताईला बघायला तो तिच्या वडिलांकडे, काळ्याबाबांकडे आला, तेव्हा त्याने चहाचा पेला वाजवला आणि ऐटीत सांगितलं, "हा आमच्याच कारखान्याचा." दक्षाताईने चहा संपेपर्यंत वाट पाहिली, मग पेला उपडा करून त्याच्यासमोर धरला. बुडावर सुरतच्या कंपनीचा छाप होता. अमृतदादा म्हणाला, "आवाज तरी चांगला आहे." तेवढ्यावर तिने होकार दिला. चुकल्यावर न चिडणारा माणूस रोज रोज सापडत नाही, असं तिचं म्हणणं.

दोन हजार सतरा साली अमृतदादा कारखान्यातून निवृत्त झाला. मुलगा मनिष सुरतला नोकरीला लागलेला होता. घरात गाडी घ्यायचं ठरलं, तेही नवी, कोरी.

"दुसऱ्याने वापरलेलं भांडं मी घेत नाही," अमृतदादा म्हणाला. "मजबूत गाडी घेणार. पत्रा असा हवा की वाजवला तर आवाज छातीत घुमला पाहिजे. मी चालवणार, तू बाजूला बसून चिकू खा."

दक्षाताई गप्प बसली. ती गप्प बसली की शहाण्या माणसाने सावध व्हावं, पण अमृतदादा त्या वेळी फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता.

त्याला माहीत नव्हतं की त्यानंतर उन्हाळाभर दक्षाताई "डहाणूला मीटिंग आहे" म्हणून जायची, ती मीटिंग चिमणभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असायची. चिमणभाई गुजराती मिसळून मराठी बोलायचे. "बेन, क्लच हळू सोडा नी! गाडी हाय, बकरी नाय, कान धरून ओढू नका!" त्यांच्या जुन्या गाडीची सीट उंच होती, वर एक उशी ठेवली की दक्षाताईला समुद्रापर्यंतचा रस्ता दिसायचा. पारनाक्याच्या गर्दीत तिने पहिल्यांदा गाडी बंद न पडू देता काढली, तेव्हा चिमणभाईंनी स्वतःच्या हाताने तिला उसाचा रस दिला. परीक्षा झाली, लायसन्स आलं आणि ते अंगणवाडीच्या कपाटात पोषण आहाराच्या डब्यामागे जाऊन बसलं. गाडी दारात आली की चावी उचलायची आणि नवऱ्याचं तोंड बघायचं, एवढाच तिचा बेत होता.

मग ती दोघं बोईसरला शोरूमला गेली. तिथे नविन नावाचा सेल्समन भेटला, टाय घातलेला, बोलायला गोड. त्याने आधी एक लांब, बसकी गाडी दाखवली. अमृतदादा तिच्याभोवती असा फिरला जसा कोणी विकायला आलेल्या बैलाभोवती फिरतो.

आधी त्याने दार उघडून सोडलं. दार आपल्या वजनाने फिरलं आणि बसलं. धप्प! त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडलं, पुन्हा धप्प. शोरूममधली माणसं बघायला लागली. मग दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबला, पत्रा हलला नाही. बॉनेट आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीत त्याने नख घातलं आणि वरपासून खालपर्यंत सरकवत नेलं. फट कुठे रुंद, कुठे अरुंद होते का ते बघायला. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तडकलाय का तेही वाकून पाहिलं. रंग तडकला असेल तर दार कोणीतरी काढून पुन्हा बसवलंय, असं त्याने नविनला समजावलं. नविनने मान डोलावली. मग अमृतदादाने लोहचुंबक काढून पुढच्या बंपरला लावलं. ते टपकन खाली पडलं.

"हे काय? प्लॅस्टिक?"

"सर, बंपर प्लॅस्टिकचाच असतो. सगळ्यांचा."

"सगळ्यांचा?" अमृतदादाने बाजूच्या गाडीलाही लावून बघितलं. तिथेही पडलं. त्याने ते खिशात टाकलं आणि म्हणाला, "बरं, दार मात्र तिजोरी आहे."

तोवर दक्षाताई "सीट बघते" म्हणत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली होती. बसली म्हणजे बुडाली. समोर स्टिअरिंग, त्याच्या वर थोडं आकाश. ती पुढे सरकून कडेवर बसली तर पाय पेडलला पोचले, पण रस्ता नाहीसा झाला. पाठीमागे पर्स ठेवून ताठ बसली तर रस्ता आला आणि पाय गेले. सीट वर करायचा दांडा शोधला, या मॉडेलला तो नव्हताच. आणि बाहेर नवरा तिजोरीचं दार लावून लावून हसत होता.

तिच्या पर्समध्ये चिंचोके होते. अंगणवाडीत पोरांना मोजायला शिकवण्यासाठी ती चिंचोके वापरायची, एका बाजूला गुलाबी नेलपॉलिश लावलेले, म्हणजे पोरं खायला जात नाहीत. काच जिथे दाराच्या आत उतरते, तिथे दोन रबरी पट्ट्या असतात. दक्षाताईने पट्टी बोटाने दाबली आणि त्या फटीतून दोन चिंचोके आत सोडले. मग शहाण्यासारखी मागच्या सीटवर जाऊन बसली.

अमृतदादा चालवायला बसला, नविन शेजारी. शोरूमच्या बाहेर पहिला खड्डा आला. खुळ्ळ.

"हे काय?"

"काय सर?"

दुसरा खड्डा. खुळखुळ. अमृतदादाने गाडी कडेला घेतली, दार उघडून लावलं. धप्प-खळ्ळ. त्याचा चेहरा बघून दक्षाताईला क्षणभर दया आली, पण फार वेळ टिकली नाही.

"पत्रा चांगला," अमृतदादा परत आल्यावर म्हणाला, "पण आतली बांधणी ढिली. नव्या गाडीचं दार असं बोलतं, तर जुनी झाल्यावर गाणी म्हणेल."

नविन बिचारा दाराला कान लावून उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पुढच्या आठवड्यात या. आमचीच दुसरी गाडी दाखवतो. आखूड आहे, पण उंच."

दक्षाताईने मागून विचारलं, "सीट वर-खाली होते का तिची?"

"होते मॅडम. बाजूला दांडा आहे."

"मग दाखवा."

पुढच्या आठवड्यात ती उंच गाडी बघून दक्षाताईच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. दांडा दाबत गेली आणि सीट वर येत गेली. बॉनेट दिसलं, शोरूमचं फाटक दिसलं, फाटकाबाहेरचा वडापाववाला दिसला. पाय पेडलवर आरामात. ती तशीच बसून राहिली.

अमृतदादाला मात्र पत्रा आवडला नाही. अंगठा दाबल्यावर किंचित आत गेला. नविनने समजावलं की बाहेरचा पत्रा धडकेत चुरगळायलाच हवा, धक्का तिथेच जिरतो. माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा, शिवाय पट्टा आणि एअरबॅग. मनिषनेही फोनवर तेच सांगितलं. अमृतदादाने ऐकून घेतलं, पण चेहरा असा केला की जणू चुरगळणारं भांडं पास करायला कोणी सांगतंय.

तरी चालवायला बसला. दक्षाताई मागे, पर्स मांडीवर, जीव मुठीत. बाहेर तोच खड्डा. खुळखुळ.

दक्षाताई दचकली. या दारात तिने काहीच टाकलं नव्हतं. पुन्हा खड्डा, पुन्हा खुळखुळ. मग तिच्या लक्षात आलं. आवाज तिच्या मांडीवरून येत होता. पर्समध्ये उरलेले चिंचोके एका डबीत होते आणि प्रत्येक खड्ड्याला नाचत होते. तिने पर्स घट्ट दाबून धरली, पण उशीर झाला होता.

"बघ," अमृतदादा म्हणाला, "हीसुद्धा बोलते. आणि ही मागून बोलते."

दक्षाताईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खोडीचा राग आला. सांगावं तर पहिली गोष्टही सांगावी लागणार. न सांगावं तर आवडलेली गाडी जाणार. बसने परत येताना चारोटीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अमृतदादाला वाटलं, तिला उन्हाचा त्रास होतोय. त्याने तिला लिंबू सरबत दिलं आणि त्यामुळे तिला आणखीनच अपराधी वाटलं.

घरी तिने आडून आडून प्रयत्न केले. "तुमच्या कानात मळ असेल," म्हणाली. अमृतदादाने डहाणूला जाऊन डॉक्टरकडून कान साफ करून घेतले. येताना खुशीत होता, "आता तर मला शेजारच्या घरातली मुंगीसुद्धा ऐकू येते." दक्षाताईने कपाळाला हात लावला.

कान साफ झाल्यावर त्याला ती तिजोरीसारखं दार असलेली गाडी पुन्हा आठवायला लागली. इतकं चांगलं दार आणि आत खुळखुळ, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने नविनला फोन केला, "मेकॅनिककडून दार उघडून बघा. मी समोर उभा राहणार." दक्षाताईने त्या दिवशी अंगणवाडीत मोठी तपासणी असल्याचं सांगून बघितलं. अमृतदादा म्हणाला, "मग मी एकटा जातो." एकटा गेला तर एकटाच गाडी घेऊन येईल, या भीतीने ती गेली.

शोरूमच्या मागच्या बाजूला मेकॅनिकने दाराचं आतलं आवरण काढलं, तळाशी हात घातला आणि दोन चिंचोके बाहेर काढून तळहातावर ठेवले. नविनने वाकून बघितलं.

"सर, हा आमचा पार्ट नाही."

अमृतदादाने एक चिंचोका उचलला, उलटा केला. गुलाबी नेलपॉलिश चमकलं. त्याने तो नखाने टक करून वाजवलासुद्धा. मग सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं.

दक्षाताई आंब्याच्या झाडाकडे बघत होती.

"दक्षा, जरा इकडे ये."

ती गेली. दोघं पाण्याच्या टाकीमागे उभी राहिली. नविन आणि मेकॅनिक तिथून सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर कामात असल्यासारखे उभे राहिले.

"हे तू टाकलेस?"

"हो."

"मुद्दाम?"

"आपोआप कसे जातील?"

"आणि दुसऱ्या गाडीत?"

"तिच्यात नाही टाकले. ते पर्समध्ये वाजत होते."

अमृतदादाने हातातला चिंचोका पुन्हा उलटसुलट करून बघितला. दक्षाताईने बोलणी खायची तयारी केली. पण त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी पसरत चाललं होतं.

"म्हणजे मी दोन्ही वेळा बरोबर ऐकलं!"

"काय?"

"दारात काहीतरी आहे म्हटलं, होतं. मागून आवाज येतोय म्हटलं, येत होता!" तो टाकीमागून बाहेर आला. "नविनभाई, ऐकलंत? कान बरोबर होता माझा!"

टाळ्या वाजवायच्या की नाही ते नविनला कळेना. मेकॅनिकने वाजवल्या.

"पण का टाकलेस ते सांग," अमृतदादा परत वळून म्हणाला.

यावर दक्षाताईने पर्स उघडली. अंगणवाडीच्या कपाटातून ती लायसन्स आज सोबत घेऊन आली होती. आज काहीतरी फुटणार हे तिला सकाळीच कळलं होतं. तिने ते त्याच्या हातावर ठेवलं. अमृतदादाने फोटो बघितला, नाव वाचलं, पुन्हा फोटो बघितला. आता त्याची छाती फुगलेली नव्हती.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, बाजूला बसून चिकू खा."

"मी गमतीने म्हणालो."

"मीही गमतीने शिकले."

अमृतदादा लायसन्सकडे बघत राहिला. चिंचोक्यांपेक्षा हे त्याला जास्त लागलं होतं, हे तिला दिसत होतं. उन्हाळाभर बायको रोज काहीतरी नवं शिकून घरी येत होती आणि तो समोर बसून जेवत होता. कलिंगडाचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला ते ओळखू आलं नाही.

"माझ्या डोळ्यांना रस्ता दिसायला हवा," दक्षाताई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या त्या तिजोरीत बसले की मला फक्त आकाश दिसतं."

त्याने लायसन्स तिला परत दिलं. "चालवून दाखव."

उंच गाडी बाहेर काढली. दक्षाताईने दांडा दाबून सीट वर घेतली, आरसे नीट केले, पट्टा लावला आणि चिमणभाईंनी शिकवल्याप्रमाणे क्लच हळू सोडला. गाडी फाटकातून बाहेर पडली. अमृतदादा बाजूला बसला होता, एक हात दाराच्या कडीवर, दुसरा सीटच्या कडेला, पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेले. मागे नविन पर्स पोटाशी घट्ट धरून बसला होता, कारण दक्षाताईने ती शोरूममध्येच ठेवायला सांगितली होती आणि त्याला भीती वाटली की ती हरवेल.

खड्डा आला. दक्षाताईने तो चुकवला. दुसरा चुकवता आला नाही.

"आवाज येतोय," अमृतदादा म्हणाला.

"कुठून?"

"ऐक. टकटक टकटक."

दक्षाताईने ऐकलं. "ते तुमचे दात आहेत," ती म्हणाली.

नविन मागे हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. अमृतदादाने तोंड मिटलं. आवाज बंद झाला. पुढे रिक्षा, ट्रक, कारखान्यांच्या बस अशी सगळी गर्दी होती. दक्षाताईने गाडी बंद न पाडता तारापूरच्या फाट्यापर्यंत नेली आणि वळवून आणली. फाटकात परत शिरताना अमृतदादाचा हात कडीवरून सुटून मांडीवर आला होता.

त्यानंतर त्याने गाडीची तपासणी केली, ती खरी. कोणी घाई केली नाही. रबरी पट्ट्या सगळीकडून दाबून बघितल्या, कुठे पोकळ तर नाहीत. दाराच्या पट्टीत कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला, निघता निघेना. खाली झोपून चाकामागचे जोड बघितले, गंज कुठे दिसतो का. डिकीतली चटई उचलून खालचा पत्रा सरळ आहे की ठोकून सरळ केलाय ते तपासलं. काचांच्या कोपऱ्यावरचे छाप सगळे एकाच सालचे आहेत का ते पाहिलं. शेवटी पुन्हा अंगठा दाबला. पत्रा पुन्हा किंचित आत गेला. त्याने सुस्कारा सोडला.

"पातळ आहे," तो म्हणाला. "पण सरळ आहे. पास."

गाडी पाड्यावर आली त्या दिवशी अर्ध्या लोकांनी ओळखलंच नाही की चालवतंय कोण. शेतात काम करणाऱ्या लडक्या नावाच्या माणसाने तर सगळ्यांना सांगितलं की अमृतदादाने ड्रायव्हर नसलेली गाडी आणलीय, ती आपोआप चालते आणि तो बाजूला नुसता बसून असतो. काही दिवस पोरं गाडी दिसली की पळत यायची आणि आत डोकावून बघायची. दक्षाताई त्यांच्याकडे बघून आ करायची.

पहिल्या रविवारी दोघं उधव्याकडच्या डोंगरातल्या तिच्या माहेरी गेली. काळ्याबाबा आता नव्हते. आई भिकीआजी दारात उभी होती. तिने गाडीला हात लावला नाही, नुसती चारी बाजूंनी फिरून आली.

"मजबूत आहे?" तिने जावयाला विचारलं.

"मी स्वतः तपासलीय, आई."

"पाणी आत येतं?"

"एक थेंब नाही येणार."

"बस बघू आत."

अमृतदादा अभिमानाने आत बसला, दार लावलं. भिकीआजी घरात गेली, पाण्याचा भरलेला हंडा घेऊन आली आणि नव्या घराचं छप्पर बघतात तसा तो गाडीच्या टपावर ओतला. पाणी टपावरून घसरत खाली आलं आणि अमृतदादाने हवेसाठी खाली केलेल्या काचेतून सरळ त्याच्या खांद्यावर.

दक्षाताई हसता हसता जमिनीवर बसली. अमृतदादा भिजलेला शर्ट अंगापासून धरून बाहेर आला.

"काच उघडी होती," तो म्हणाला.

"मग गाडी बरी आहे," भिकीआजी म्हणाली. तिने हंडा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चल दक्षा, बाजारात जाऊ. मला सुकी मासळी घ्यायचीय."

अमृतदादा मागे बसला.